सजा

शारजाच्या पल्याड वाळू सुरू होते
तिथल्या जागेचं नावच सजा.
मंडणगडला फोनवर सांगितलं, तर चुलते म्हणाले,
तलाठ्याची का कोर्टाची?
मी म्हटलं, मोडक्या गाड्यांची.

यार्ड नंबर नऊ, मालक गुलबाज खान.
माझ्याकडे गाडीच्या पोटातलं काढायचं काम.
आधी बॅटरीची तार सोडायची,
मग चहा. चहाएवढं थांबायचंच,
न फुटलेली एअर बॅग झोपलेली असते नुसती.
फुटलेली लांबूनच कळते.
स्टिअरिंगवर लोंबत असते
उशी काढून घेतलेल्या अभ्र्यासारखी,
अंगभर पांढरी पूड,
आणि एखादीवर कोणाचा तरी गाल उमटलेला
काजळासकट.
तिथे मी बोट लावत नाही.
कडेकडेने कापतो.

पट्टे वाचायला मोयदीनकांनी शिकवलं.
खांबाशी गुंडाळलेल्या पट्ट्याला हिसका दे, म्हणाले,
तसाच जाम झाला असेल तर कोणी लावलाच नव्हता.
आणि बाहेर लोंबत जाम झाला असेल,
माणसाएवढी जागा ठेवून,
तर त्या जागेतला माणूस
बहुतेक घरी जेवला त्या रात्री.
बहुतेक, असं म्हणाले.
मी आजही हिसका देण्याआधी
क्षणभर थांबतो.

मार्चमध्ये एक पांढरी निसान आली.
मागच्या सीटवर बाळाची खुर्ची, निळी,
ओरखडासुद्धा नाही.
खान म्हणाला, ले जा, तेरी बच्ची आ रही है, मुफ्त में.
फटीत खजुराची बी होती
आणि एक मोजा, माझ्या अंगठ्यात बसेल एवढा.
खुर्ची उलटी केली.
पट्टा जातो त्या खाचेपाशी
प्लास्टिकवर केसाएवढी पांढरी रेघ.
तिचं झेलून झालं होतं. एकदाच झेलते ती.
बच्चा?
मालूम नहीं, म्हणाला खान,
आणि पुढची गाडी बघायला गेला.
मोजा मी डब्यात ठेवला, नटबोल्टच्या.
का ते विचारू नका.

नवी खुर्ची घेतली, पाच शुक्रवार जादा काम करून.
खोलीत आंबेमोहोरची पिशवी तिच्यात बसवून
रात्री पट्टे लावायचो, सोडायचो.
दिलावर हसायचा, तांदूळ रडला का रे?
गाडी त्याचीच, उसनी.
उन्हात बकलची लोखंडी जीभ चटका देते
म्हणून ओला पंचा टाकून ठेवला होता वर.

तस्नीम बाहेर आली, कडेवर उमैमा.
चार महिन्यांची. मी पहिल्यांदा पाहिली.
घ्या तरी आधी, म्हणाली.
घेतली. अर्ध्या मिनिटाची.
मग त्याच हातांनी तिला खुर्चीत बांधायला लागलो
आणि तिने जो टाहो फोडला,
पार्किंगमधली माणसं वळून बघायला लागली.
तीन तास विमानात मांडीवरच होती की,
माझ्या मांडीचं काय वाईट झालं?

मला सांगता आलं असतं.
मांडी किती धरते आणि कुठपर्यंत,
ते मला माहीत आहे, रोज पुसतो मी ते.
इथे दंड आहे, एवढंच म्हणालो.

खुर्चीचं तोंड मागे,
आरशात फक्त टोपीचं टोक.
मी साठच्या पुढे गेलो नाही,
ट्रकवाले कर्कश्श वाजवत गेले,
एकाच्या पाठीवर चेपलेल्या तीन गाड्या
माझ्याच यार्डाकडे चाललेल्या.
तस्नीमला नको म्हणून मी डावीकडे बोट दाखवलं,
ती बघ मशीद.

तुझाही लाव, म्हटलं तिला.
तिने लावला. मग मान ताणून
एक हात मागे नेला, लेकीच्या पोटावर.
रडं उतरत उतरत उचकी झालं.
किती आवळतो हो हा, ती म्हणाली, पट्ट्यात बोट घालून.

अजून नाही आवळलेला, मी म्हणालो.